फुकटच्या खोलीचा भाव

जळगावच्या सराफ बाजारात लाखभराची पोत पसंत करून गिऱ्हाईकाने क्रेडिट कार्ड पुढे केलं, की गल्ल्यावरून हमखास ऐकू येतं, ‘कार्ड असेल तर दोन टक्के वर लागतील, शेठ.’ नियमाने असं मागता येत नाही, तरी मागतात. बँक खात्यातून यूपीआयने पैसे दिले तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. क्रेडिट कार्डावर मात्र साधारण दीड-दोन टक्के कापून जातात आणि सोन्याच्या धंद्यात एवढी रक्कम सोडणं जड जातं. कापलेल्या या पैशातलाच एक तुकडा पुढे ‘पॉईंट’ होऊन ग्राहकाकडे परत येतो आणि ‘पंचतारांकित हॉटेलात एक रात्र मोफत’ अशी त्याची जाहिरात होते. असल्या ट्रॅव्हल कार्डांसाठीचे फोन आता धुळ्या-जळगावलाही येतात. ही कार्डं म्हणजे फसवणूक नव्हे. पण त्यांचं गणित वेगळ्याच प्रवाशासाठी मांडलेलं आहे आणि खानदेशातल्या बहुतेक घरांना ते आतबट्ट्याचं पडतं, असं माझं मत आहे.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये नेहमीच्या प्रवाशांसाठी बक्षीस योजना काढली. दोन वर्षांत हॉलिडे इन आणि मॅरियट यांनीही तोच कित्ता गिरवला. हॉटेलवाल्याची अडचण अशी, की आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. त्यामुळे ती रिकामी ठेवण्यापेक्षा नेहमीच्या गिऱ्हाईकाला बक्षीस म्हणून दिलेली परवडते. मोठ्या साखळ्यांची बहुतेक हॉटेलं स्थानिक मालकांची असतात, साखळीचं फक्त नाव आणि व्यवस्था. सभासद पाहुणा उतरला की मालक बिलाचा काही हिस्सा साखळीच्या योजनेत भरतो. पॉईंटवर कोणी उतरलं तर त्याच योजनेतून मालकाला भरपाई मिळते. हॉटेल रिकामं असेल तर थोडी, भरत आलेलं असेल तर जवळपास पूर्ण. इथवर हा हॉटेल आणि पाहुण्यामधला मामला होता. मग बँका आल्या. त्या साखळीकडून पॉईंट घाऊक विकत घेतात आणि कार्ड वापरणाऱ्यांना वाटतात. या विक्रीत पैसा किती, याचा अंदाज विमान कंपन्यांवरून येतो: डेल्टा या अमेरिकी कंपनीला २०२३ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसकडून सुमारे सात अब्ज डॉलर मिळाले. पॉईंट विकणाऱ्याच्या हाती रोकड आज पडते, खोली द्यायची ती पुढे कधीतरी. आणि मधल्या काळात एका खोलीला किती पॉईंट लागतील हे ठरवणाराही तोच.

भारतात हॉटेल साखळीच्या नावाचं पहिलं क्रेडिट कार्ड एचडीएफसी बँक आणि मॅरियट यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये आणलं. तेव्हाच्या अटी पाहा. वार्षिक शुल्क ३,००० रुपये, जीएसटी धरून ३,५४०. दर १५० रुपयांच्या खर्चावर मॅरियटच्या हॉटेलात ८ पॉईंट. प्रवास, खाणंपिणं आणि करमणुकीवर ४. बाकी सगळीकडे २. वर्षाला एक मोफत रात्र, पण १५,००० पॉईंटपर्यंतच्या खोलीचीच. आता किराणा, कपडे, औषधं असा आपला नेहमीचा खर्च धरा. दीडशे रुपयांना २ पॉईंट या दराने १५,००० पॉईंट जमायला सव्वाअकरा लाख रुपये खर्च करावे लागतात. एवढे करून मिळालेली खोली सात हजारांची समजली तर परतावा होतो शेकडा बासष्ट पैसे. एक टक्का रोख परत देणाऱ्या साध्या कार्डाने त्याच खर्चावर सव्वाअकरा हजार रुपये दिले असते. शिवाय खर्च मोजला जाणारा हवा. इंधन, घरभाडं, हप्त्यांवरची खरेदी, सरकारी भरणा यांवर बहुतेक कार्डं पॉईंट देत नाहीत. ज्या घरात ट्रॅक्टरचं डिझेल, पोराच्या पुण्यातल्या खोलीचं भाडं आणि केळीच्या बागेसाठी हप्त्याने घेतलेली ठिबकची नळी हेच मोठे खर्च, तिथे उरतं काय? सोनं. आणि सोन्यावर सराफ दोन टक्के मागतो. बासष्ट पैसे मिळवायला दोन रुपये मोजायचे, म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

यावर जाणकार म्हणतील, खर्चावरचे पॉईंट सोडा, वर्षाची मोफत रात्र तर नक्की आहे ना? साडेतीन हजार भरले, सात हजारांची खोली मिळाली, निम्मा फायदा. आक्षेप वजनदार आहे आणि मुंबईकराच्या बाबतीत बरोबरही आहे. पण मॅरियटच्या खोलीसाठी आपल्याला नाशिक, इंदूर, सुरत असं एखादं मोठं शहर गाठावं लागतं. धुळ्याहून नाशिक दीडशेच्या वर किलोमीटर, जळगावहून अडीचशेच्या आसपास. मुद्दाम गेलं तर गाडीचं तेल आणि टोल त्या ‘मोफत’ रात्रीतच धरायला हवेत. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. खोलीची किंमत फलकावरच्या दराने धरायची नसते. एरवी आपण तिथे किती मोजले असते, त्याने धरायची असते. सुरतेला कापड घ्यायला गेलेला धुळ्याचा व्यापारी बाजाराजवळच्या लॉजवर दीड-दोन हजारांत उतरतो. शेगावला जाणारं कुटुंब भक्तनिवासात राहतं. पुण्या-मुंबईत मामा-मावशी असतात आणि त्यांना सोडून हॉटेलात उतरलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. दोन हजारांच्या लॉजऐवजी सात हजारांची खोली वापरली तर वाचले दोनच हजार, आणि त्यासाठी भरले साडेतीन. गादी मऊ होती, न्याहारीचं टेबल लांबलचक होतं, ही हौस झाली. हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे, मात्र तिला बचत म्हणू नये.

पॉईंट ‘साठवून ठेवण्या’चा सल्ला तर मला सर्वांत धोक्याचा वाटतो. कुठल्या हॉटेलला किती पॉईंट लागतील याचा ठरलेला तक्ता मॅरियटने मार्च २०२२ मध्ये मोडीत काढला. आता मागणीप्रमाणे आकडा हलतो. लग्नसराईत आणि दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे आपल्याला खोली हवी असते नेमकी तेव्हा, तो चढतो. आपल्याकडचं उदाहरण ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचं. तिथे ५ पॉईंट दिले की भागीदार विमान कंपन्यांचे आणि हॉटेलांचे ४ पॉईंट मिळत. १ सप्टेंबर २०२३ पासून सर्वसाधारण ग्राहकाला ५ ला २ मिळू लागले, म्हणजे शिल्लक एका फटक्यात निम्मी झाली. हे सगळं अटींना धरूनच झालं, कारण अटी बदलण्याची मुभा अटींमध्येच लिहिलेली असते. सराफाकडची सोन्याची भिशी आठवा: अकरा हप्ते आपण भरायचे, बारावा सराफ घालतो. तिथेही पैसा आपण आगाऊ देतो आणि मोबदला त्याच्याच दुकानात घेतो. पण त्या भिशीला कायद्याचं वेसण आहे. २०१४ च्या ठेव नियमांप्रमाणे कंपनी म्हणून नोंदलेल्या पेढीला आगाऊ रकमेचा माल ३६५ दिवसांत द्यावा लागतो, अकरा महिन्यांची मुदत आली ती त्यातूनच. ठेव बुडवणाऱ्या संस्थेविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. तो काय असतो हे ‘बीएचआर’ पतसंस्थेत ठेवी अडकल्याचे दिवस पाहिलेल्या जळगावकरांना सांगायला नको. पॉईंटांना यातलं कुठलंच संरक्षण नाही. ते म्हणजे ठेव नव्हे, त्यांच्यावर विमा नाही, व्याजही नाही. मॅरियटच्या खात्यात दोन वर्षं काहीच हालचाल झाली नाही तर शिल्लक शून्य होते.

व्याजाचं गणित मात्र उलट्या बाजूने चोख चालतं. कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज खाते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. लाखाची थकबाकी एक महिना राहिली तर व्याज साडेतीन हजार, वर जीएसटी, एकूण ४,१३० रुपये. पिकाचे पैसे व्यापाऱ्याकडून कधी येतील याचा भरवसा नसलेल्या घरात अशी एक तारीख चुकणं अवघड नसतं, आणि ती चुकली की मोफत रात्र विकत घेतल्यासारखीच होते.

मग हे कार्ड कोणाला? ज्याच्या मुक्कामाचं बिल दुसरं कोणी भरतं त्याला. कंपनीच्या कामासाठी महिन्यातून चार रात्री मोठ्या हॉटेलात काढणारा इंजिनिअर, औषध कंपनीचा विभागीय अधिकारी, निर्यातदाराचा फिरता प्रतिनिधी यांचे पॉईंट दुसऱ्याच्या पैशावर जमतात आणि खर्च स्वतःच्या सुट्टीत होतात. खानदेशातून पुण्या-बंगळुरात गेलेल्या मुलामुलींपैकी अनेक जण यात बसतात. त्यांनी जरूर घ्यावं, बिल पूर्ण भरावं आणि जमलेले पॉईंट वर्षाच्या आत वापरून टाकावेत. गावाकडे आई-वडिलांच्या नावाने दुसरं कार्ड मात्र काढून देऊ नये.

बाकीच्यांनी दुसऱ्या वर्षाचं शुल्क लागण्याआधी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावं: वर्षभरात खरोखर किती रुपये वाचले आणि किती भरले. आकडा उणे आला तर कार्ड बंद करावं. बँकेच्या स्वतःच्या योजनेतले पॉईंट असतील तर ते आधी वापरून घ्यावेत, कारण कार्डाबरोबर तेही सहसा जातात. हॉटेलच्या सभासद खात्यात जमा झालेले पॉईंट तिथेच राहतात. थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती बँकेने कामकाजाच्या सात दिवसांत पुरी करायची असते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे आहेत.