कोतवाल बुकाची नक्कल

जठारपेठेतल्या आमच्या वर्गात मी विचारलं, "पणजोबांचं नाव, गाव कोण सांगतं?" चारच हात वर आले.

आपल्या वऱ्हाडात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात सापडतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्यायचा. त्यात गाव, अंदाजे साल आणि बापाचं नाव लिहायचं. नोंद सापडली की फी भरून नक्कल मिळते. पण त्यात बाळाचं नाव बहुधा नसतंच. अमक्याला मुलगा झाला, एवढंच असतं. तो मुलगा आजोबा की त्यांचा भाऊ, हे आजीच सांगू शकते.

ओबीसींना जात पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून अ‍ॅडमिशनच्या तोंडावर धावपळ होते. तोवर सांगणारं माणूस राहत नाही. आयर्लंडमधल्या 1864 पासूनच्या जुन्या जन्मनोंदी तर लोक घरबसल्या फुकट पाहतात.

माझ्या मते, आठवी-नववीतच प्रत्येकाने वंशावळ लिहावी आणि निदान एक नक्कल काढावी. नुसत्या दाखल्यासाठी नाही, आपली माणसं कळावीत म्हणून. तर मुलांनो, या रविवारी वही घेऊन आजीजवळ बसा.