इंजेक्शन गावात पोचले, वजनकाट्याचे काय?

मेहकर तालुक्यातील डोणगावच्या परिसरात एखाद्या वस्तीवर दहा दिवसांचे बाळ अंगावर पिईनासे झाले, तर आईवडिलांपुढे पहिला प्रश्न असतो तो मोठे रुग्णालय गाठण्याचा. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गात तासांचा विलंबही जिवावर बेततो. त्यामुळे पहिले इंजेक्शन कोठे मिळते, याला महत्त्व आहे.

या प्रश्नाचे उत्तर विदर्भातच सापडले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील प्रशिक्षित आरोग्यसेविकांच्या हाती जेंटामायसिन दिले. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या या उपक्रमामुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. पुढे २०१४ मध्ये केंद्र सरकारने विशिष्ट परिस्थितीत हे इंजेक्शन देण्याची मुभा एएनएमना दिली. रुग्णालयात पाठविण्यापूर्वी पहिली मात्रा द्यायची आणि नेणे शक्यच नसेल, तर उपचार पूर्ण करायचे, असे हे धोरण आहे.

औषधाचे गुणधर्म या धोरणाला अनुकूल आहेत. जेंटामायसिन आतड्यातून जवळजवळ शोषले जात नाही, म्हणून सुई अटळ ठरते. मात्र, रक्तातील पातळी जितकी उंच, तितके जंतू वेगाने मरतात. पातळी उतरल्यावरही त्यांची वाढ काही काळ रोखलेली राहते. त्यामुळे दिवसातून एक मात्रा पुरते.

धोकाही याच औषधात आहे. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि नवजात बाळाचे मूत्रपिंड अपरिपक्व असते. औषध साचल्यास मूत्रपिंडाला इजा होते. ती बहुधा भरून येते. अंतर्कर्णातील नष्ट झालेल्या पेशी मात्र पुन्हा उगवत नाहीत.

दर किलोमागे ५ मिलिग्रॅम धरल्यास दोन किलोच्या बाळाला १० मिलिग्रॅम लागतात. दोन मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम असलेल्या कुपीतून हे औषध जेमतेम पाव मिलिलिटर भरते. वजन अंदाजाने तीन किलो धरले, तर मात्रा दीडपट होते. उलट चुकले, तर जंतू शिल्लक राहतात.

त्यामुळे एएनएमने इंजेक्शन द्यावे की नाही, हा वाद आता मागे पडला आहे. उपकेंद्रात अचूक वजनकाटा, एक मिलिलिटरची सिरिंज आणि दिवसांची नोंद आहे का, हे प्रशासनाने तपासायला हवे. बाळाचा जीव आणि त्याची श्रवणशक्ती, दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.