दंडाला डबाच हवा का?

“वहिनी, उद्यापासून माझ्या पोळ्या लाटू नका!” धाकट्या भाऊजींनी जाहीर केलं आणि माझ्या हातातलं लाटणं हातातच राहिलं. वाटलं, माझं काही चुकलं की काय! पण तसं नव्हतं. कॉलेजात शिकणारे आमचे भाऊजी महिन्यापासून जिममध्ये जाऊ लागले आहेत. म्हणून पोळी-भात बंद, सकाळी सहा कच्ची अंडी दुधात फेटून, आणि शिवाय साडेतीन हजारांचा पावडरचा डबा. डबा अर्थातच घरखर्चातून!

तिसऱ्याच दिवशी त्यांचं पोट बिघडलं. मग मी वही-पेन्सिल घेऊन बसले. अर्धा दिवस शाळेत शिकवते, त्यामुळे पुस्तकं धुंडाळायची नि हिशोब मांडायची सवय आहे. हाती लागलं ते सांगते, कारण असा एखादा पहिलवान तुमच्याही घरी असेलच.

पहिला गैरसमज कच्च्या अंड्याचा. कच्चं म्हणजे जास्त ताकदीचं, असं मुलांना वाटतं. खरं उलटंच आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली तपासलं, तेव्हा शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिनं पचली आणि कच्च्यातली जेमतेम ५० टक्के. शिवाय कच्च्या अंड्यातून जंतू पोटात जाण्याची भीती असतेच. तेव्हा अंडी उकडूनच द्यावीत.

दुसरा, पोळी-भात बंद करण्याचा. व्यायामाला इंधन लागतं. ते पोळी-भातातून मिळालं नाही, तर शरीर प्रथिनंच जाळायला काढतं. म्हणजे चुलीत सागवान घालण्यातलाच प्रकार! आणि ज्वारीच्या किंवा गव्हाच्या १०० ग्रॅम पिठातही साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतातच की.

तिसरा, डब्याचा. ही पावडर बहुधा चीज करताना दुधातून सुटणाऱ्या पाण्यातली प्रथिनं वेगळी काढून, वाळवून केलेली असते. ती विष नव्हे, तसं अमृतही नव्हे. अन्नच आहे, फक्त महाग. स्नायू वाढतात ते व्यायामाने. तालमीतल्या पहिलवानाचं दूध-बदाम आपल्याला दिसतं, पहाटेच्या जोर-बैठका दिसत नाहीत. गरजेपेक्षा जास्त खाल्लेल्या प्रथिनांचा दंड होत नाही. ती जळतात, नाहीतर चरबी होऊन बसतात. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं मुळीच वाढवू नयेत.

चौथा गैरसमज आपला, बायकांचा. वरणाचं पाणी फार पौष्टिक म्हणून आपण वाढतो. पण प्रथिनं असतात ती खालच्या डाळीत. उपासाच्या साबुदाण्यात तर ती जवळजवळ नसतातच. खिचडीत जी काही असतात, ती दाण्याच्या कुटाची.

आता हिशोब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. नेमाने वजनं उचलणाऱ्याला साधारण १.२ ते १.६ ग्रॅम पुरतात. भाऊजींचं वजन ६० किलो, म्हणजे निदान ७२ ग्रॅम हवीत. दीडशे ग्रॅम पिठाच्या पोळ्या-भाकरी १५, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ १४, दोन कप दूध १३, दोन उकडलेली अंडी १२, मूठभर शेंगदाणे आणि मूठभर फुटाणे मिळून १३, वाटीभर दही ५. बेरीज करा, बरोबर ७२! आणखी हवी असतील, तर सोयाबीनच्या वड्या आहेत. त्यांत १०० ग्रॅमला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं असतात. अंडी न खाणाऱ्यांनाही त्या सोयीच्या.

भाऊजींनी वही पाहिली नि म्हणाले, “वहिनी, आता तुमचा हिशोब मांडा बघू.”

मांडला. माझं वजन ५५ किलो, म्हणजे ४६ ग्रॅम हवीत. दोन वेळचा चहा, पोळी-भाजी, आणि सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरलेली पळीभर आमटी. बेरीज तिसाच्या आसपास थांबली. सासूबाईंची तर त्याहून कमी. रात्री त्या दूधभातावरच भागवतात. हल्ली जमिनीवरून उठताना त्यांना हात द्यावा लागतो. तो मी गुडघ्यांचाच दोष समजत होते. पण तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात, बायकांचेही. पोटभर प्रथिनं आणि थोडा जोराचा व्यायाम, एवढाच त्याला आवर. वजनं उचलली म्हणून आपले दंड पुरुषांसारखे होतील, ही भीतीही नको. तो संप्रेरकांचा खेळ आहे आणि आपल्यात ते संप्रेरक फार कमी असतं.

डबा काही आला नाही. भाऊजी आता पोळ्या खातात आणि संध्याकाळी आजीच्या मायेने आपल्या आईला खुर्चीवरून दहा वेळा ऊठबस करायला लावतात. आणि मी? उसळ झाली की पहिली वाटी माझी भरून झाकून ठेवते. पहिल्या दिवशी फार ओशाळल्यासारखं झालं. सासूबाईच म्हणाल्या, “ठेव गं, माझीही काढ.”

आज तुमच्या पातेल्यात तुमच्या वाटणीचं किती उरतं, ते एकदा पाहा बरं!