उतरवून काढलेला स्वाध्याय

गडचिरोलीहून मुरूमगावमार्गे छत्तीसगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर धानोरा हे तालुक्याचे गाव आहे. सत्र संपत आले, की अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानांपुढे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची गर्दी होते. इतिहासाचा स्वाध्याय, अर्थशास्त्राची असाइनमेंट, पर्यावरणाचा प्रकल्प, सारे काही तेथे तयार मिळते. मागल्या वर्षीच्या कुणाची तरी वही हातोहाती फिरते. नाव आणि आसनक्रमांक बदलतो, मजकूर तोच राहतो. प्राध्यापकांना हे ठाऊक असते आणि प्राध्यापकांना ठाऊक आहे हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. शे-दीडशे वह्या तपासायच्या असतात, गुण विद्यापीठाकडे पाठवायची मुदत उलटत असते. मग लाल शाईची एक सही होते आणि वही कपाटात जाते.

या व्यवहाराला फसवणूक म्हणून मोकळे होता येईल; पण मग मूळ प्रश्न हाती लागणार नाही. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिलाच मुलगा, मातृभाषा गोंडी, शिक्षणाची भाषा मराठी आणि संदर्भग्रंथ बहुधा इंग्रजी. त्याला एकाच सत्रात सहा-सात विषयांचे लेखन करायला सांगितले जाते. ते कसे करायचे, हे मात्र त्याला कुणीही सांगितलेले नसते. शाळेत त्याने प्रश्नोत्तरे पाठ केली, निबंध पाठ केला. महाविद्यालयात 'स्वतःच्या शब्दांत लिहा' एवढी सूचना मिळते. स्वतःचे शब्द कोठून आणायचे? उतरवून काढणे हा त्याचा आळस असेलही, पण बहुतेक वेळा तो त्याच्यापुढे उरलेला एकमेव मार्ग असतो.

पर्यावरणाच्या प्रकल्पाचेच पाहावे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षणाचा आदेश दिला आणि २००३ नंतर हा विषय पदवीच्या सर्व शाखांना अनिवार्य झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मूळ आराखड्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी राखलेले होते. हेतू असा, की विद्यार्थ्याने आपल्या परिसरात जावे, पाहावे आणि पाहिलेले लिहावे. ज्याच्या घरामागे साग, मोह आणि बांबूचे रान उभे आहे, तो विद्यार्थी महानगरातील वायुप्रदूषणावरचा छापील मजकूर निळ्या शाईने उतरवून आणतो. त्याच्या आईला कोणत्या महिन्यात कोणते कंद खावेत आणि कोणते टाळावेत हे ठाऊक असते. पण त्या ज्ञानाला गुण मिळतात, हे त्या घरात कोणी सांगितलेलेच नसते.

विशेष असे, की याच तालुक्यातून जगाने वाचलेले लेखन निघालेले आहे. चातगावजवळचे शोधग्राम धानोरा तालुक्यात येते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात अर्भकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचा अहवाल डिसेंबर १९९९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्याचे ठरविले. हे सारे पुष्कळांना माहीत आहे. सहसा लक्षात येत नाही ते हे, की या शोधनिबंधाचा पाया गावातल्या स्त्रियांनी केलेल्या नोंदींवर उभा होता. पाचवी ते दहावी शिकलेल्या त्या स्त्रिया. बाळ कधी जन्मले, वजन किती भरले, श्वास कसा चालला होता, अंग गार पडले होते काय, हे त्यांनी पाहिले आणि पाहिले तसेच नोंदविले. त्या नोंदी तपासल्या गेल्या. जे घडले नाही ते लिहायचे नाही आणि जे घडले ते गाळायचे नाही, एवढे पथ्य पाळल्यावर पाचवी शिकलेल्या बाईची नोंद लंडनपर्यंत पोहोचते. त्याच तालुक्यात पदवीच्या तृतीय वर्षातील विद्यार्थ्याला पाच पृष्ठे स्वतः लिहिता येत नाहीत. हा बुद्धीतला फरक नव्हे. त्या स्त्रियांना कशासाठी, काय आणि कसे लिहायचे हे कुणीतरी बसून शिकविले होते, फरक एवढाच आहे.

तेव्हा 'असाइनमेंट कशी लिहावी' हा प्रश्न क्षुल्लक मानून चालणार नाही. प्रत्येक विषयाचे लेखन वेगळे मागणे मागते आणि ते मागणे एकदा कळले, की निम्मी भीती ओसरते. इतिहास पुरावा मागतो. बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले, हे वाक्य लिहिणाऱ्याने ते कोणत्या कागदाच्या आधारे लिहिले, हे सांगायला हवे. आजोबांकडून ऐकलेली कथा आणि इंग्रज अधिकाऱ्याचा अहवाल या दोहोंत फरक पडला तर दोन्ही समोर ठेवून, आपल्याला कोणते अधिक ग्राह्य वाटते आणि का, हे मांडायला हवे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव पायपीट करीत हिंडले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड त्यांनी सिद्ध केले; तो आदर्श सांगायला सोपा आहे, मात्र पदवीच्या विद्यार्थ्याकडून त्याचा एक लहानसा अंश तरी मागावा. टिपागडावरचे किल्ल्याचे अवशेष पाहून आलेल्या मुलाने काढलेला ओबडधोबड नकाशा, मार्गदर्शिकेतून उतरवलेल्या दहा पृष्ठांहून अधिक मोलाचा ठरेल.

अर्थशास्त्र आकडा मागते आणि आकड्याचे एककही मागते. तेंदूपत्त्याच्या हंगामात ७० पानांचा एक पुडा बांधला जातो, हे या भागातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. एका कुटुंबाने दिवसाकाठी किती पुडे बांधले, किती हात राबले, दर काय मिळाला, ठेकेदाराच्या काळातला दर आणि ग्रामसभेने स्वतः लिलाव केल्यावरचा दर यांत अंतर किती, या चार प्रश्नांची उत्तरे आपल्याच घरातून गोळा केली तरी श्रम, मजुरी आणि बाजारपेठ या तिन्ही प्रकरणांचा अर्थ उमगतो. वनस्पतिशास्त्र डोळ्यांना दिसलेले मागते आणि अनुमान वेगळे ठेवायला सांगते. डॉ. राणी बंग यांच्या 'गोईण' या पुस्तकात गडचिरोलीतील झाडे आणि त्यांच्याशी जडलेले तिथल्या स्त्रियांचे नाते आले आहे. ते वाचून विद्यार्थिनीने आपल्या गावातील पाच झाडांची गोंडी नावे, मराठी नावे, शास्त्रीय नावे आणि उपयोग लिहून आणले, तर मराठी आणि वनस्पतिशास्त्र असे दोन विषय एकाच वेळी मार्गी लागतात. रसायनशास्त्राच्या जर्नलबद्दल एकच सांगावे: उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तरी आलेलेच उत्तर लिहावे.

आपल्या परंपरेला हे परके नाही. स्वाध्याय हा शब्दच मुळी गुरुकुलातून आला आहे. तक्षशिलेत शिकणाऱ्या जीवकाची कथा बौद्ध वाङ्मयात आहे. आचार्यांनी त्याला नगराभोवती योजनभर फिरून, औषधी गुण नसलेली एक तरी वनस्पती घेऊन येण्यास सांगितले. तो रिकाम्या हातांनी परतला आणि तेच त्याचे उत्तीर्ण होणे ठरले. ग्रंथारंभी विषय कोणता, प्रयोजन काय, तो कोणासाठी आणि ग्रंथाचा विषयाशी संबंध काय, हे सांगावे अशी आपल्या शास्त्रकारांची रीत होती; तिलाच अनुबंधचतुष्टय म्हणतात. आजच्या विद्यार्थ्याला प्रस्तावनेत काय लिहावे हे कळत नसेल, तर हे चार प्रश्न त्याच्या हाती द्यावेत. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण मांडावे, मग त्याचे खंडन करावे, हा पूर्वपक्षाचा दंडकही तसाच. समाजशास्त्राच्या किती असाइनमेंटांत विरोधी मत प्रामाणिकपणे मांडलेले आढळते?

येथे स्वकीयांनाही चार शब्द ऐकवणे भाग आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून जी रचना आली, तीत भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रप्रकल्प, समाजसंपर्क प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना स्थान मिळाले. ही मागणी वर्षानुवर्षे केली जात होती. ती पूर्ण झाली याचा आनंद आहे. परंतु ज्ञानप्रणालीच्या नावाखाली दोन गौरवोद्गार आणि चार ऋषींची नावे उतरवून काढली जात असतील, तर ती परंपरेची थट्टाच म्हणावी लागेल. आर्यभटाचे नाव दहा वेळा लिहिण्यापेक्षा, गावातील वैदू काढा करताना कोणती मुळी कोणत्या महिन्यात खणतो आणि का, हे एकदा लिहून आणणे या प्रणालीच्या अधिक जवळचे आहे. क्षेत्रप्रकल्पाची वहीदेखील झेरॉक्सच्या दुकानातूनच येऊ लागली, तर धोरण कागदावर राहील आणि दोष मात्र धोरणाच्या माथी येईल.

त्यात आता भ्रमणध्वनीवरची कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. प्रश्न टाकला, की क्षणात शुद्ध, गुळगुळीत उत्तर मिळते. प्रबंधांतील वाङ्मयचौर्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये नियम केले. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते आणि ६० टक्क्यांपुढे गेल्यास नोंदणी रद्द होते. पदवीच्या वहीला असे मोजमाप लावणे अवघड आहे आणि यंत्राने दरवेळी नव्या शब्दांत लिहून दिलेला मजकूर तर या मापात सापडणेही कठीण. उपाय तपासणीत शोधण्यापेक्षा प्रश्नात शोधावा. 'वनांचे महत्त्व लिहा' याचे उत्तर यंत्र देईल. 'तुमच्या गावच्या ग्रामसभेने मागील हंगामात बांबूविषयी कोणता निर्णय घेतला आणि त्यावर कोणी काय आक्षेप घेतले' याचे उत्तर यंत्रापाशी नाही. ते आणण्यासाठी गावातच जावे लागते.

गाव म्हटले की मेंढा आठवते. धानोऱ्यालगतच्या या लहानशा गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. सुमारे १८०० हेक्टर वनक्षेत्र ग्रामसभेच्या व्यवस्थापनाखाली आले. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. या यशामागे अनेक वर्षांचा अभ्यासगट होता. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासह गावकरी बसत, कायदा वाचत, जंगलाविषयी बोलत आणि सर्वसहमती होईपर्यंत चर्चा करीत. त्यांतल्या बहुतेकांनी महाविद्यालय पाहिलेले नव्हते. मेंढ्याच्या राजकीय विचाराशी सर्वांचे जुळेलच असे नाही, जुळण्याची आवश्यकताही नाही. पण अर्ज, ठराव आणि हिशेब स्वतः लिहिणाऱ्या गावाला कार्यालयात कोणी सहज परतवून लावू शकत नाही, हे तेथे सिद्ध झाले आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य इथेच आहे. धानोरा तालुक्याने दीर्घकाळ दुसऱ्या प्रकारचे लेखनही पाहिले. माओवाद्यांची पत्रके वनवासींच्या नावाने निघत. नेतृत्व आणि भाषा बाहेरची, बंदूक वाहणारे खांदे मात्र बहुतांशी इथल्या तरुणांचे. २००९ च्या फेब्रुवारीत मरकेगाव आणि मे महिन्यात हत्तीगोटा येथे पोलीस जवानांनी प्राण गमावले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्यारापत्तीच्या जंगलात मोठी चकमक झाली आणि त्यात मिलिंद तेलतुंबडे मारला गेला. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. बंदुकीचा काळ सरत आहे. त्यानंतर या जंगलाविषयी कोण लिहिणार? महानगरांतील विद्यापीठांतून येणारे संशोधक लिहीतच आहेत, खाण कंपन्यांचे सल्लागारही लिहितील. इथल्या मुलाने लिहिले नाही, तर त्याच्याविषयीचा निर्णय पुन्हा एकदा परक्या कागदावरून होईल.

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांची नागपूरची खेप वाचली. या विद्यापीठाने प्रत्येक महाविद्यालयाला पहिल्या सत्रात लेखनाचे दहा तास सक्तीचे केले आणि गोंडीत घेतलेल्या मुलाखती मूळ शब्दांसह प्रकल्पात जोडण्यास अनुमती दिली, तर तो आरंभ मोठा होईल. बाकीचे काम विद्यापीठाची वाट न पाहता करता येण्याजोगे आहे. कल्याण आश्रमाची वसतिगृहे आहेत, विद्यार्थी परिषदेच्या शाखा आहेत, निवृत्त शिक्षक प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. आठवड्यातून एक सायंकाळ, आठ-दहा विद्यार्थी आणि एक जाणता वाचक, एवढीच सामग्री लागते. विद्यार्थ्याने कच्चे टाचण वाचून दाखवावे, इतरांनी 'हे तुला कसे कळले' असे विचारावे. वाचकाने त्याच्याऐवजी लिहून देऊ नये. हा मोह भल्याभल्या कार्यकर्त्यांना आवरत नाही.

वेळेचाही विचार व्हावा. मार्च-एप्रिलात मोहफुले पडतात, मे महिन्यात तेंदूचा हंगाम असतो. त्या काळात विद्यार्थी गावी असतो आणि घरच्यांबरोबर पहाटे रानात जातो. क्षेत्रप्रकल्पाचा विषय फेब्रुवारीतच ठरला, प्रश्नांची यादी वसतिगृह सोडण्यापूर्वी तपासली गेली आणि वही जूनमध्ये महाविद्यालय उघडताच मागितली गेली, तर रोजगार बुडवल्याशिवाय प्रकल्प पुरा होतो. तपासून झालेल्या वहीची एक प्रत मग ग्रामसभेच्या कपाटात ठेवावी; पुढच्या वर्षीच्या लिलावाला बसताना ती गावकऱ्यांच्या उपयोगी पडेल.