ज्येष्ठांच्या पर्यावरणवर्गाविषयी निवेदन

प्रति,
मा. मुख्याधिकारीसाहेब,
नगरपरिषद कार्यालय

विषय : ज्येष्ठ नागरिकांचा पर्यावरणवर्ग व ओल्या कचऱ्याची स्वतंत्र वाहतूक.

महोदय,

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने याविषयी वेळोवेळी दिलेले अर्ज आपल्या दफ्तरी रुजू झाल्याच्या पोचा आमच्याजवळ आहेत. उत्तर मात्र एकाचेही न आल्याने हे निवेदन सादर करणे प्राप्त झाले आहे.

साठी उलटलेल्यांना आता नवे काय शिकविणार, असा जो प्रश्न मागील भेटीत आम्हांस विचारण्यात आला, त्याचे उत्तर मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे 8 मार्च 2016 रोजी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेने केव्हाच दिले आहे. तेथील आजींनी अक्षरे गिरविली आणि झाडेही जोपासली. आमच्या वर्गातील बहुतेकांचे बालपण तर उकिरडा, शेणखत आणि परसातील आळी यांच्या सान्निध्यात गेलेले असल्यामुळे, पालापाचोळ्याचा थर, बेताचा ओलावा व खेळती हवा यांनी खत कसे सिद्ध होते, हे त्यांस फार समजावावे लागले नाही.

परंतु ज्यांना अंगण नाही अशा चाळींतील वृद्ध स्त्रिया साली, देठ व निर्माल्य एका डब्यात आणि कागद, प्लास्टिक दुसऱ्यात निगुतीने वेगळे करून, दुखऱ्या गुडघ्यांनी जिने उतरून घंटागाडीपाशी येतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही डबे एकाच हौद्यात रिते केले जातात. गाडीवरील कामगाराचा यात दोष नाही; गाडीला स्वतंत्र कप्पाच नाही. तो बसविण्याचे आश्वासन गतवर्षी गांधी जयंतीच्या जाहीर सभेत मिळाले, पुढे पावसाळ्याची मुदत सांगण्यात आली, पावसाळाही सरला. हवेवाचून कुजणाऱ्या ढिगात मिथेन वायू निर्माण होतो व त्यामुळे कचरा डेपोला आगी लागतात, हे आम्हीच या स्त्रियांना वर्गात शिकविले. "मग मी वेगळे करायचे तरी कशाला?" असे एका आजींनी भर वर्गात विचारले, तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि त्यानंतर वर्गाची उपस्थिती घटत गेली. ज्या शिकवणुकीस नगरपरिषदेची गाडीच दररोज खोटे पाडते, ती कोणाच्या भरवशावर चालवावी?

सबब, प्रत्येक घंटागाडीत दोन कप्पे विनाविलंब बसविण्याची तजवीज व्हावी. वर्गासाठी तळमजल्यावरील खोली मिळावी, पाठ मोठ्या टाइपात छापून द्यावेत, आणि पर्जन्यजलसंचयाचे एखादे प्रात्यक्षिक व्हावे, अशाही मागण्या आहेत.

कप्पे कोणत्या तारखेस बसतील, हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे. तोंडी आश्वासन यापुढे आम्ही स्वीकारणार नाही.

आपला विश्वासू,
सचिव, ज्येष्ठ नागरिक संघ