इशारा वाचला, पुढे काय?

मोबाइलवर गेम उतरवताना त्याच्या नावाजवळ १२+, १६+ किंवा १८+ असा आकडा दिसतो. कोपरखैरणेतील माथाडी वसाहत असो की शेजारच्या सेक्टरमधली नवी इमारत, अनेक घरांत मुलांच्या हाती येतो तो आई-वडिलांचाच फोन. त्यावरचे खाते मोठ्यांचे, त्यामुळे वयाची अट तिथेच निकामी होते.

हा आकडा येतो कुठून? गूगल प्ले स्टोअरसाठी गेम बनवणारी कंपनी एक प्रश्नावली भरते. हिंसा, भीती, शिवीगाळ किती आहे, याच्या उत्तरांवरून वयोगट ठरतो. आपल्याकडे चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागते. २०२१च्या नियमांनुसार ओटीटी मालिकांनाही वयोगट आणि आशयाचे वर्णन दाखवावे लागते. गेमला असे प्रमाणपत्र लागत नाही. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा भरही पैशांच्या खेळांवर आहे.

काही कंपन्या आपणहून सूचना देतात. 'बीजीएमआय' सुरू होताना हे जग आभासी असल्याचे बजावले जाते. २०१७च्या 'हेलब्लेड' गेमच्या नायिकेला नसलेले आवाज ऐकू येतात. त्यात सायकोसिसचे चित्रण असून तो आजार अनुभवलेल्यांना ते त्रासदायक ठरू शकते, असे सुरुवातीलाच सांगितले जाते. पहिली सूचना सरसकट, दुसरी नेमकी. खेळायचे की नाही, हे ठरवायला दुसरीच उपयोगी.

पण इशारा म्हणजे लस नव्हे. अशा इशाऱ्यांवरील १२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इशारा वाचून पुढे होणारा मनस्ताप कमी झाला नाही. उलट आधीची धाकधूक वाढली. त्रासदायक आशय टाळण्याचे प्रमाणही फारसे बदलले नाही. हे निष्कर्ष गेमपुरते नाहीत, तरी बोध स्पष्ट आहे: इशारा माहिती देतो, संरक्षण देत नाही.

दुसरे टोकही घातकच. २०१७ मध्ये मुंबईसह देशभर 'ब्लू व्हेल'ची धास्ती पसरली. पुढे केंद्र सरकारने संसदेत सांगितले, की तपासलेल्या घटनांमध्ये त्या गेमचा संबंध सिद्ध झाला नाही. सगळा दोष गेमवर टाकला, की मुलाच्या मनात आधीपासून काय साचले होते, हा प्रश्न मागे पडतो.

म्हणून पालकांनी आकड्याबरोबर त्याखालचे वर्णनही वाचावे. पहिला अर्धा तास मुलासोबत बसून खेळ पाहावा. 'नको वाटले तर बंद कर, कुणी हसणार नाही,' हे आधीच सांगून ठेवावे. झोप उडणे, एकटे राहण्याची भीती, मरणाविषयी वारंवार बोलणे अशी लक्षणे दिसली, तर फोन हिसकावण्याआधी मुलाचे ऐकून घ्यावे आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. तो मराठीतही उपलब्ध आहे.