परीक्षा केवळ विद्यार्थ्यांचीच का?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणशिक्षण अनिवार्य करण्याचा निर्देश दिल्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी जो अभ्यासक्रम सिद्ध केला, त्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी राखले, ही दूरदृष्टी खरोखर स्तुत्य होती. परंतु शाश्वत विकासाच्या ज्ञानाचे हे मोजमाप विद्यार्थ्यांपाशीच थांबावे, आणि ज्यांच्या सहीशिक्क्यावाचून एक दिवा वा एक नळही खरेदी होत नाही त्या कुलसचिव, अभियंता, भांडारपाल आदी मंडळींना, किंबहुना खुद्द प्राध्यापकांनाही, कोणी एक प्रश्न विचारू नये, हे मला सर्वथा अनुचित वाटते. वसतिगृहाचे सांडपाणी कोठे जाते, विजेचे देयक कोणत्या महिन्यात आणि का फुगते, हे शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सर्वांना दरसाल विचारावे, आणि उत्तरांचा तपशील विनासंकोच दप्तरी दाखल करावा.